पाठीवरचं कवठ

कारभारीचं घोरणं ही मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीची जुनी सोय होती. गल्लीला गुरख्याची गरज पडली नाही ती त्याच्यामुळंच, असं लोक म्हणत. शेजारच्या वच्छलाबाईंचा जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला, तेव्हा रात्री उठून बसला आणि विचारायला लागला, की ही मालगाडी स्टेशनात अजून किती वेळ उभी राहणार? दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गल्लीभर झाली आणि कारभारीनं ती स्वतःच चौघांना रंगवून सांगितली.

त्याची आई चतुराबाई, तिला तर लेकाच्या घोरण्याचा चक्क गर्व होता. "ज्याच्या पोटात अन्न हाय अन् मनात पाप नाय, तोच असा घोरतो," ती म्हणायची. घोरणं म्हणजे गाढ झोप, गाढ झोप म्हणजे सुख, आणि लेकाचं सुख म्हणजे आईची पुण्याई, असं तिचं सरळ गणित. हा अवगुण तिनं मग हौसेनं जोपासला. त्या घरात उशा मानाप्रमाणं मिळत. पाहुण्याला एक, जावयाला दोन आणि घरच्या कर्त्या पुरुषाला एकावर एक तीन. रात्री नऊला पोटभर जेवण, त्यावर साय घातलेलं म्हशीचं दूध पेला भरून, त्यावर तंबाखूचा शेवटचा बार. मग कारभारी तीन उशांवर मान टेकून उताणा पडे, हनुवटी छातीला लागे आणि गल्ली निर्धास्त होई.

कारभारी बसवर ड्रायव्हर होता. जमीन सिडकोच्या नव्या वसाहतीत गेली, बैल विकले, मागं एक म्हैस तेवढी राहिली. शेतावर ट्रॅक्टर चालवलेला, तेवढ्या भांडवलावर त्यानं लायसन काढलं, काही वर्षं ट्रक चालवला आणि वाळूजला नवे कारखाने उठले तशी एका कारखान्याच्या कामगारांची बस त्याच्या हाती आली. या बसवर त्याचा जीव होता. पहाटेच्या पाळीला पन्नास माणसं मागं बसून बिनघोर डुलक्या घेतात, ती आपल्या भरवशावर, हे सांगताना त्याची छाती फुगायची. जमीन गेलेल्या माणसाला असं काहीतरी हातात धरायला लागतंच. त्याच्या हातात स्टेअरिंग होतं.

आणि नेमकं तेच सुटायची वेळ आली. वर्षभरापासून त्याचे दिवसा डोळे मिटायला लागले होते. एकदा रेल्वे फाटकाशी थांबला असताना फाटक उघडलं, मागं गाड्यांची रांग लागली, भोंग्यांचा कल्ला झाला, आणि हा पठ्ठ्या स्टेअरिंगवर कपाळ टेकून शांत. तेव्हा सगळे हसले. पण एका सकाळी छावणीच्या पुढं, सरळ रस्त्यावर, बस हळूच डावीकडं उतरली आणि कडुनिंबाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त मागची पन्नास माणसं एकदम जागी झाली आणि त्यातला एकही हसला नाही.

बसगाड्यांचा मुकादम बद्रीनाथ हा कारभारीचा जुना दोस्त, म्हणूनच त्यानं आडपडदा ठेवला नाही. "महिनाभर गाडीला हात लावायचा नाय. गॅरेजात गाड्या धू. महिन्यानं मी सोता तुझ्या शेजारी बसून वाळूजपतुर येतो. वाटंत डोळा लागला, नुसता जड जरी झाला, तर स्टेअरिंग कायमचं इसरायचं. दोस्ती घरी, कारभारी. मागं लोकांची लेकरं बसत्यात."

घरी चतुराबाईनं ऐकलं आणि तिथल्या तिथं निदान केलं. लेकाची झोप पुरत नाही. शिवाय नजर लागली, कारण असं घोरणं कुणाच्या डोळ्यावर येणार नाही? तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि दुधाचा पेला मोठा केला. कारभारी आठपासून झोपायला लागला. जितका जास्त झोपायचा, तितका सकाळी जड व्हायचा. गाड्या धुताना पाइप हातात धरून उभ्या उभ्या त्याचा डोळा लागायचा आणि पाणी स्वतःच्याच चपलांवर पडत राहायचं.

आता त्याच्या बायकोचं सांगायला हवं. सरूबाई कमी बोलायची आणि तिच्याविषयी घरात एकच गोष्ट प्रसिद्ध होती, ती म्हणजे झोप. बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. भाजी निवडताना, कीर्तनात, लग्नाच्या मांडवात. "आमची मंडळी अक्षता पडंपतुर जागी राहत नाय," हे कारभारीचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक लग्नात तो ते म्हणायचा आणि प्रत्येक लग्नात माणसं हसायची. सरूबाईही पदर तोंडाला लावून हसायची. चतुराबाई मात्र हसत नसे. बावीस वर्षांच्या संसारात सून अशी झोपाळू निघाली, ही तिची जुनी तक्रार होती.

तीच सरूबाई एका सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चला. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरकडं. मी बी येते संगं."

"तू कशाला?"

"तुम्हाला काय इचारलं तर काय सांगणार? तुम्ही तर झोपलेले असता."

डॉक्टर हेमचंद्र चौसाळकर हा शांत, बारीक अंगाचा माणूस. त्यांनी कारभारीचा घसा पाहिला, रक्तदाब घेतला, मानेभोवती टेप लावून आकडा लिहिला. मग त्याला सोडून सरूबाईकडं वळले.

"घोरता घोरता आवाज मध्येच थांबतो का हो?"

"थांबतो."

"किती वेळ?"

कारभारीला हसू आलं. "डॉक्टरसाहेब, तिला काय इचारता? ती एकदा पडली का..."

"चौदा धारा," सरूबाई म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. तिनं संकोचत सांगितलं, की घड्याळ वाचता येत नाही, म्हणून म्हशीची धार काढताना मोजतात तसं ती मनात मोजते. श्वास थांबला की पहिली धार, पुन्हा सुरू झाला की शेवटची. "रोजचं म्हणाल तर दहा-बारा. लई झालं तर चौदा. हे एका लग्नाहून आले, तिथं थोडी घेतली व्हती, त्या राती एकोणीस झाल्या. तवा मी भ्याले."

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. "मोजा बरं आत्ता. मोठ्यानं."

सरूबाईनं डोळे मिटले. दोन्ही मुठी मांडीवर आल्या, एकीमागून एक मिटायला लागल्या. एक, दोन, तीन, अगदी संथ. चौदाला ती थांबली. पंचवीस सेकंद. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा पंचवीस. ते खुर्चीत जरा मागं रेलले. "सरूबाई, इतकी नेमकी माहिती मला शिकलेली माणसंसुद्धा देत नाहीत," ते म्हणाले. "मग, श्वास थांबला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? एक हात खांद्याला, एक कंबरंला लावायचा अन् कुशीवर लोटायचं. का गाडी पुन्हा चालू व्हती."

"रात्रीतून किती वेळा?"

"कधी वीस, कधी तीस. परत उताणेच व्हतात ना."

"किती वर्षं चाललंय हे?"

"जमीन गेली, बसून काम लागलं, अंग सुटलं, तवापासून. बारा वर्सं झाली आसंल."

"आणि तुम्ही झोपता कधी?"

सरूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "दुपारी बसल्या बसल्या लागतो डोळा," ती म्हणाली. "लोक हसतात, पन लागतो."

बारा वर्षांतली सगळी लग्नं कारभारीच्या डोळ्यासमोरून गेली आणि प्रत्येक मांडवात तो स्वतःच दात काढून उभा दिसला. ही बाई रात्र-रात्र जागून त्याचा एकेक श्वास राखत होती आणि दिवसा त्याच्याच विनोदाला हसत होती. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की डॉक्टर पुढं बोलत होते त्यातलं पहिलं अर्धं त्याच्या कानात शिरलंच नाही.

डॉक्टर सांगत होते ते असं. याला गाढ झोप म्हणत नाहीत. जीभ मागं पडते, घशातली वाट बुजते, माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. "तुम्ही झोपतच नाही, कारभारी. मग दिवसा डोळा लागेल नाही तर काय होईल?" तीन उशा काढा, एक पातळ ठेवा. दिवेलागणीला जेवा, दूध बंद, तंबाखू बंद, दारूचा तर थेंब नको. पोट उतरवा, चालत जा. आणि झोपायचं ते कुशीवरच. महिन्यानं पुन्हा दाखवा. श्वास थांबणं बंद झालं नाही, तर मोठ्या दवाखान्यात जावंच लागेल, त्यात हयगय नको.

"अन् झोपंत उताणा झालो तर?" कारभारीनं विचारलं.

"ते माझ्याकडं लागलं," सरूबाई म्हणाली.

येताना ती वाटेत म्हणाली, "तुम्ही एवढी वर्सं बैल राखले. उताणा झोपलेला बैल पाह्यला का कधी?"

"छ्या! जनावर उताणं पडलं की फुगतं. चार जणांनी लोटून कुशीवर करावं लागतं, नाय तर मेलंच समजायचं."

"मग मानूस काय येगळ्या मातीचा हाय?"

बैलांची सगळी विद्या कारभारीची आणि ती लागू केली त्याच्यावरच, त्याच्या बायकोनं.

घरी आल्यावर तिनं त्याची जुनी बंडी काढली. बंडीला खिसा असतो तो पोटाशी, तिनं शिवला तो पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे. मग परसातल्या कवठाच्या झाडाखाली गेली आणि मुठीएवढं, टणक, कच्चं कवठ निवडून आणलं. फडक्यात गुंडाळून खिशात घातलं आणि वरून टाके मारले. माणूस उताणा झाला रे झाला, की कवठ पाठीत रुतणार आणि तो आपसूक कुशीवर वळणार. कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. असली अक्कल शाळेत मिळत नाही, आणि ज्यांना मिळते ते ती दाखवत बसत नाहीत.

"नवऱ्याच्या पाठीत धोंडा बांधतीस व्हय गं?" चतुराबाई कडाडली. "अन् दिवसाउजेडी जेवायला आपण काय जैन हावोत? माझं लेकरू उपाशी झोपंल."

"आये, लेकराचं पोट आधी येतं अन् लेकरू मागून येतं," कारभारी म्हणाला. त्या घरात सुनेची बाजू पहिल्यांदाच कुणीतरी घेत होतं. चतुराबाई रुसून दोन दिवस ओसरीत बसली.

पहिली रात्र त्यानं कवठाला शिव्या देण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी पाठीवर लाल टिळा उमटला. तंबाखू सुटल्यानं डोकं ठणकायचं, स्वभाव तिखट झाला, गॅरेजात दोघांशी भांडणं झाली. संध्याकाळी सहाला भाकरी पुढं आली की त्याला वाटे, आपण आजारी आहोत. पण कुरकुर ओठावर यायची तेव्हाच त्याला मांडीवर मिटणाऱ्या त्या दोन मुठी आठवायच्या आणि तो मुकाट जेवायचा. गॅरेजातून तो चालत घरी यायला लागला. कवठ बंडीत उबेनं आठ-दहा दिवसांत पिकायचं आणि त्याच्या पाठीला आंबटगोड वास यायचा. सरूबाई नवं कच्चं कवठ घालायची आणि जुन्याची गूळ घालून चटणी करायची. ती चटणी चतुराबाईनं तोंडात घेतली नाही. कारभारीनं मात्र बोटं चाटून खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात पट्टा एक भोक आत गेला. गाड्या धुताना त्याला डुलकी येईना. सकाळी उठला की डोकं हलकं असायचं, आणि आजवर आपण कधी असे उठलोच नव्हतो हे त्याला तेव्हा कळायला लागलं.

"किती झाल्या काल धारा?" तो रोज विचारायचा.

"पाच." मग एके दिवशी, "तीन." मग, "मोजायला लागले अन् दुसरी धार व्हायच्या आधीच तुम्ही सोता वळले."

"मग झोप की आता तू."

"पाहते आनखी चार दिवस," ती म्हणायची. बारा वर्षांची सवय चार रात्रीत सुटत नाही.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ शेजारी बसून येणार होता. कारभारी दिवेलागणीला जेवला, बंडी घातली आणि डाव्या कुशीवर झोपला.

पहाटे चारला चतुराबाईला जाग आली ती शांततेनं. कितीतरी वर्षं ती त्या आवाजावर झोपली होती आणि त्याच आवाजावर उठली होती. आवाज हळूहळू उतरत गेला होता, पण त्या दिवशी तो नव्हताच. तिनं कान दिला. घर गपगार. ती उठून आतल्या खोलीच्या दाराशी आली. लेक कुशीवर, निश्चल. त्याच्या शेजारी सून, तीही निश्चल. या घरात चार वाजता सून आडवी आहे, हे तिनं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हातारीनं जो अर्थ लावायचा तो लावला आणि हंबरडा फोडला.

"गेले गं बाई! दोघं बी गेले! माझा कारभारी गेला!"

गल्लीत भराभर दिवे लागले. वच्छलाबाई आल्या, त्यांच्या मागं दहा-बारा माणसं आली, पायांत चपला नाहीत, डोळ्यांत झोप. बायकांनी रडायला सुरुवातही केली. एवढ्यात कारभारी अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "कोन गेलं, आये?"

चतुराबाईनं आणखी एक किंकाळी मारली. मग ती त्याच्या गळ्यात पडली, मग तिनं त्याला न घोरल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं, आणि जमलेल्या माणसांत हशा उसळला.

त्या सगळ्या गोंधळात सरूबाई मात्र उठली नव्हती. ती एका अंगावर होती, पदर गळ्याशी, तोंड थोडं उघडं, एक हात नवऱ्याच्या रिकाम्या जागेवर. रडारड झाली, हसणं झालं, उशाशी दहा माणसं उभी राहिली, तरी तिच्या पापण्या हलल्या नाहीत. नवऱ्याचा श्वास अडला की ज्या बाईला बारा वर्षं जाग येत होती, तिला किंकाळीनं जाग आली नाही.

वच्छलाबाईंनी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. "झोपलीय," त्या पुटपुटल्या आणि खांदा हलवायला वाकल्या.

कारभारीनं त्यांचा हात वरच्या वर धरला. "नका," तो म्हणाला. "काकू, हात जोडतो. हळू बोला अन् समदे बाहेर चला."

माणसं पाय न वाजवता बाहेर पडली. चतुराबाई तिथंच उभी होती. "भाकरी कोन थापणार? सहाला जायचंय ना तुला?"

"मी उपाशी जाईन. तिला उठवायचं नाय, आये. सूर्य डोक्यावर आला तरी नाय. बारा वर्सं ती माझा जीव राखत बसली अन् आपण तिला झोपाळू म्हणलो."

तो आंघोळ करून आला, तेव्हा म्हातारी चुलीपुढं बसून स्वतः भाकरी थापत होती, पीठ परातीत आपटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं. भाकरी बांधून दिली आणि ती आतल्या दाराशी जाऊन बसली. परसातल्या कोंबड्या आत यायला लागल्या, तशी त्यांना हाकलायला तिनं तोंडानं हुश केलं नाही, नुसता पदर हलवला. कारभारीनं चपला हातात घेतल्या आणि तो तसाच निघाला.

सहाला बद्रीनाथ इंजिनाच्या झाकणावर बसला, तोंड कारभारीकडं करून. मुकुंदवाडीचं फाटक गेलं, उस्मानपुरा गेला. छावणीच्या पुढं तो कडुनिंब आला आणि मागची माणसं जरा सावरून बसली. कारभारीनं झाडाकडं नीट पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. रस्ता लख्ख दिसत होता. बस आपल्या बाजूनं सरळ पुढं गेली. नगर रस्त्याला लागेपर्यंत मागं पहिली डुलकी सुरू झाली, आणि आरशातून ती पाहताना त्याला जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

वाळूजला कारखान्याच्या फाटकात बस थांबली. माणसं उतरली. बद्रीनाथ खाली उतरला, दोन पावलं गेला आणि मागं फिरला.

"उद्यापासून मी येत नाय. गाडी तुझी," तो म्हणाला. मग चेहरा गंभीर करून खिडकीपाशी आला. "पन कारभारी, तुमच्या गल्लीतली पोरं मागं बोलत व्हती. पहाटं तुमच्या घरी लई रडारड झाली म्हणं. अन् तू तसाच कामावर आलास? कोन गेलं रे?"

कारभारीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. त्याला हसायचं होतं, पण डोळे भरून आले.

"कुणी गेलं नाय, बद्रीनाथ," तो म्हणाला. "आमची सरू झोपली."